पावतीवर ‘ज्ञानोबा’ अर्धाच का छापला? डेटाबेसमध्ये मराठी मजकूर हाताळणाऱ्या नवशिक्यांसाठी

परभणीकडच्या एका शेतकरी गटाच्या सभासदांची यादी आणि मापाच्या पावत्या संगणकावर घ्यायचं काम मला मिळालं, तेव्हा मला मायएसक्यूएल आणि पीएचपी बऱ्यापैकी येत होतं. म्हणजे तसं मला वाटत होतं. पावतीचा कागद अरुंद, म्हणून नाव २० जागांत बसवायचं ठरवलं आणि एका ओळीत कापून टाकलं. पहिल्याच दिवशी सोयाबीन घेऊन आलेल्या एका काकांनी पावती उलटसुलट बघितली अन् विचारलं, “आमच्या नावातला ‘बा’ कुठं गेला?” पावतीवर ‘ज्ञानो’ छापलं होतं आणि त्यापुढं काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. नाव तर तीन अक्षरांचं, वीस जागांत का मावलं नसेल?

याचं उत्तर शोधता शोधता पुढचे कित्येक महिने गेले, कारण प्रत्येक वेळी नवंच काहीतरी निघायचं. ते सगळं इथं क्रमानं लिहितोय. उदाहरणं मुख्यतः मायएसक्यूएलची आहेत, पण पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये जिथं फरक पडतो तिथं तोही सांगितलाय. आज्ञा देवनागरीत लिहिल्यात, चालवताना त्या इंग्रजी लिपीतच टाइप करायच्या. हेक्समधली (हेक्स म्हणजे प्रत्येक बाइट दोन अंक-अक्षरांत लिहायची पद्धत) इंग्रजी अक्षरंसुद्धा मराठीत लिहिलीत, म्हणजे ‘ए’, ‘सी’, ‘ई’ वगैरे.

हाताशी काय काय हवं

- डेटाबेसची पूर्ण प्रत, दुसऱ्या नावानं उभी केलेली. मूळ डेटावर प्रयोग करायचा नाही. हे मी चटका खाऊन शिकलोय.
- थेट क्वेरी चालवायची खिडकी. वेबवरचं साधन चालेल, पण ते स्वतःचं कनेक्शन स्वतःच्या पद्धतीनं उघडतं हे लक्षात ठेवा.
- फाइलचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीनं बाइटांत लिहिलीत ते, दाखवणारा टेक्स्ट एडिटर. नोटपॅड प्लस प्लस पुरेसा आहे.
- मूळ कागद: सभासद अर्ज, जुनी वही, सातबाराच्या प्रती. मजकूर कायमचा गेला असेल तर शेवटी हेच कामी येतात.
- चाचणीसाठी सात-आठ शब्द. माझे ठरलेले आहेत: बीड, हिंगोली, मराठवाडा, ज्ञानोबा, कऱ्हाळे, ॲड., आणि झरी.

१. अक्षर, चिन्ह आणि बाइट वेगळे करा

मराठी माणूस ‘बीड’ला दोन अक्षरं म्हणतो. युनिकोडच्या, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या कोष्टकाच्या, हिशेबात ती तीन चिन्हं: ब, दीर्घ वेलांटी, ड. आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे ती चिन्हं बाइटांत लिहायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून डिस्कवर नऊ बाइट. आता हे चालवा:

सिलेक्ट लेंग्थ('बीड'), कॅर_लेंग्थ('बीड');

मायएसक्यूएलमध्ये उत्तर येईल ९ आणि ३. आपल्या मनातलं २ कुठंच नाही. डेटाबेसला अक्षर ठाऊकच नसतं. तो एक तर बाइट मोजतो, नाही तर चिन्हं. कोणतं फंक्शन काय मोजतं हे जिथं तिथं वेगळं:

- मायएसक्यूएल: लेंग्थ बाइट मोजतं, कॅर_लेंग्थ चिन्हं.
- पोस्टग्रेस: लेंग्थ चिन्हं मोजतं, बाइटसाठी ऑक्टेट_लेंग्थ.
- ओरॅकल: लेंग्थ चिन्हं मोजतं, लेंग्थबी बाइट.
- एसक्यूएल सर्व्हर: लेन चिन्हं मोजतं पण शेवटच्या मोकळ्या जागा सोडून देतं, डेटालेंग्थ बाइट.

म्हणजे ‘लेंग्थ’ हे एकच नाव मायएसक्यूएलमध्ये ९ सांगतं आणि पोस्टग्रेसमध्ये ३. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाताना कोणी सांगत नाही, पण सगळ्या तपासण्या इथंच कोलमडतात.

‘मराठवाडा’: पाच अक्षरं, आठ चिन्हं, २४ बाइट. ‘ज्ञानोबा’: ज, हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), ञ, काना, न, ओकार, ब, काना, म्हणजे हीही आठ चिन्हं आणि २४ बाइट. पीएचपीचं साधं सबस्ट्र बाइट मोजतं. वीस बाइटांत सहा चिन्हं पूर्ण बसली, ‘ब’चे तीनपैकी दोनच बाइट आत आले, आणि ते दोन म्हणजे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. एमबी_सबस्ट्र वापरलं असतं तर काकांचा ‘बा’ वाचला असता. डेटाबेसचा यात काहीच दोष नव्हता. मी मात्र दोन दिवस त्याच्याच नावानं खडे फोडत होतो.

२. गोणीवरची चिठ्ठी तपासा

मोंढ्यात गोणीवर चिठ्ठी लावलेली असते. आत काय आहे ते हमाल उघडून बघत नाही, चिठ्ठी वाचतो. कॅरॅक्टर सेट म्हणजे ती चिठ्ठी. बाइट तेच राहतात, चिठ्ठी बदलली की फंक्शनचं उत्तर बदलतं. खात्री करायची तर कनेक्शन मुद्दाम बिघडवून बघा:

सेट नेम्स लॅटिन१;
सिलेक्ट लेंग्थ('बीड'), कॅर_लेंग्थ('बीड');

टर्मिनल यूटीएफ-८ पाठवत असेल तर आता दोन्ही उत्तरं ९ येतील. डेटाबेसला सांगितलंय की हा लॅटिन मजकूर आहे, लॅटिनमध्ये एक बाइट म्हणजे एक चिन्ह, म्हणून तो नऊ चिन्हं मोजतो. त्याच्या जागी तो बरोबरच आहे.

ही माझी नेहमीची पहिली चाचणी. नव्या ठिकाणी गेलो की आधी हीच ओळ. ९ आणि ३ आले तर कनेक्शन ठीक. ९ आणि ९ आले तर पुढचं काही करण्याआधी कनेक्शन दुरुस्त करायचं.

मायएसक्यूएलमध्ये चिठ्ठ्या बऱ्याच ठिकाणी असतात: सर्व्हर, डेटाबेस, टेबल, रकाना, आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं कनेक्शन. बघण्यासाठी:

शो व्हेरिएबल्स लाइक 'कॅरॅक्टर_सेट%';
शो क्रिएट टेबल सभासद;

पहिल्या यादीत क्लायंट, कनेक्शन आणि रिझल्ट्स या तिन्हींपुढं यूटीएफ८एमबी४ दिसलं पाहिजे. दुसऱ्यात प्रत्येक रकान्यापुढं काही वेगळं लिहिलंय का ते बघा. टेबल यूटीएफ८एमबी४ आणि आतला एखादा जुना रकाना लॅटिन१, हे मी दोनदा बघितलंय. पीएचपीतून पीडीओनं जोडत असाल तर जोडणीच्या ओळीतच कॅरसेट लिहा. मायएसक्यूएलआयमध्ये सेट_कॅरसेट वापरा.

मायएसक्यूएलमधलं ‘यूटीएफ८’ हे नाव फसवं आहे. ते तीन बाइटांपर्यंतच जातं. मराठी तीन बाइटांत बसते, म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. मग एखादा सभासद व्हॉट्सॲपवरून पत्ता पाठवतो, शेवटी हात जोडल्याचं चित्र, त्या चित्राला चार बाइट लागतात आणि नोंदच होत नाही. चार बाइटांचा यूटीएफ८एमबी४ हा २०१० मध्ये ५.५.३ आवृत्तीत आला आणि ८.० पासून तोच मूळ धरला जातो. नवं काही बांधत असाल तर दुसरा विचारच करू नका.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी: रकाना एनव्हारकॅर (युनिकोड मजकुराचा प्रकार) ठेवूनही मराठीचे प्रश्नचिन्ह होतायत? क्वेरीत मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी मोठा इंग्रजी ‘एन’ लिहिलाय का बघा. तो नसला तर मजकूर रकान्यापर्यंत पोचायच्या आतच मोडलेला असतो.

३. दुरुस्ती नंतर, आधी हेक्स

पडद्यावर दिसणारं खरं नसतं. पडदा, ब्राउझर, फाँट, कनेक्शन, सगळे आपापल्या परीनं मजकूर बदलून दाखवतात. न बदलता दाखवणारं एकच:

सिलेक्ट नाव, हेक्स(नाव) फ्रॉम सभासद लिमिट २०;

‘म’ या एका चिन्हाचा हेक्स पाठ करून ठेवा: ई० ए४ एई. मग चार शक्यता उरतात.

ई० ए४ एई दिसलं आणि रकाना यूटीएफ८एमबी४ असला, तर मजकूर शाबूत आहे. बिघाड दाखवण्यात आहे.

ई० ए४ एई दिसलं पण रकाना लॅटिन१ असला, तर गोणीत माल बरोबर, चिठ्ठी चुकीची.

सी३ ए० सी२ ए४ सी२ एई दिसलं, तर मजकूर दोनदा एन्कोड झालाय, म्हणजे यूटीएफ-८ बाइटांनाच लॅटिन मानून पुन्हा यूटीएफ-८ केलंय. पडद्यावर हे डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या इंग्रजी ‘ए’ची रांग म्हणून दिसतं, मध्ये मध्ये चार टोकांचं गोल चिन्ह. एकदा बघितलं की विसरत नाही.

नुसते ३एफ ३एफ ३एफ दिसले, तर संपलं. ३एफ म्हणजे खरंखुरं प्रश्नचिन्ह. मूळ बाइट आता कुठंच नाहीत आणि जगातलं कुठलंही फंक्शन ते परत आणू शकत नाही. वही काढा, पुन्हा टाइप करा.

पाचवी एक जमात आहे, तिला या हिशेबात धरू नका. जुन्या श्री-लिपी किंवा आयएसएमच्या फाँटात टाइप केलेला मजकूर. त्यात साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, फाँट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. डेटाबेसच्या दृष्टीनं तो निर्मळ इंग्रजी मजकूर आहे, त्यामुळं कॅरॅक्टर सेट बदलून काही होत नाही. त्या त्या फाँटचं रूपांतरण करणारं साधनच लागतं.

४. माल हलवायचा की चिठ्ठी बदलायची

मायएसक्यूएलमध्ये दोन वेगळी कामं आहेत आणि नवा माणूस त्यांची हमखास गल्लत करतो.

‘कन्व्हर्ट(नाव यूझिंग यूटीएफ८एमबी४)’ हे चिठ्ठी खरी मानून माल दुसऱ्या गोणीत भरतं. बाइट बदलतात. ‘कास्ट(नाव ॲज बायनरी)’ चिठ्ठी फाडतं, मालाला हात लावत नाही.

रकाना लॅटिन१ आणि आत खरे यूटीएफ-८ बाइट, अशी स्थिती असेल तर थेट कन्व्हर्ट केल्यावर काय होईल? चुकीची चिठ्ठी खरी मानली जाईल आणि मजकूर दोनदा एन्कोड होईल. ‘ऑल्टर टेबल ... कन्व्हर्ट टू कॅरॅक्टर सेट’सुद्धा हेच करतं. म्हणून असा रकाना आधी व्हारबायनरी (नुसत्या बाइटांचा प्रकार) करायचा, मग यूटीएफ८एमबी४ व्हारकॅर. आधी चिठ्ठी फाडा, मग बरोबर चिठ्ठी लावा.

आणि जो आधीच दोनदा एन्कोड झालाय, त्याला उलटा प्रवास:

अपडेट सभासद सेट नाव = कन्व्हर्ट(कास्ट(कन्व्हर्ट(नाव यूझिंग लॅटिन१) ॲज बायनरी) यूझिंग यूटीएफ८एमबी४)
व्हेअर हेक्स(नाव) लाइक 'सी३ए०सी२ए४%';

शेवटची व्हेअरची ओळ सोडू नका. टेबलात काही नावं बरोबर आणि काही बिघडलेली अशी भेसळ असतेच. बरोबर असलेल्या नावावर हीच क्वेरी चालली तर लॅटिन१ मध्ये देवनागरीला जागा नसल्यानं त्याचे प्रश्नचिन्ह होतात. म्हणजे बिघडलेलं सुधारतं आणि चांगलं मरतं.

माझ्या या व्हेअरमध्येही भोक होतं. देवनागरीची पहिली ६४ चिन्हं ई० ए४ नं सुरू होतात आणि उरलेली ६४ ई० ए५ नं. नावाचं पहिलं चिन्ह बहुतेक वेळा व्यंजन किंवा स्वर, म्हणजे पहिल्या गटातलं. पण ‘ॲ’ दुसऱ्या गटात बसतो. परिणाम असा की सगळी यादी सुधारली, फक्त ‘ॲड.’ लावलेले सभासद तसेच राहिले. वकिलांच्या नोंदी तेवढ्या बिघडलेल्या बघून गटाचे सचिव मला म्हणाले, “मुद्दाम केलं काय रे?” तर सी३ए०सी२ए५ साठीही तीच क्वेरी चालवा.

बिघडलेला मजकूर डेटाबेसबाहेर काढून दुसऱ्या साधनानं दुरुस्त करायचा विचार असेल तर आणखी एक खड्डा आहे. मायएसक्यूएलचं लॅटिन१ म्हणजे जवळपास विंडोजचा १२५२ हा संच, आणि त्या संचात पाच बाइटांना अर्थच दिलेला नाही: ८१, ८डी, ८एफ, ९०, ९डी. आता हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी. ‘ए’चा ८एफ, ‘ऐ’चा ९०, ‘झ’चा ९डी, चंद्रबिंदूचा ८१. मायएसक्यूएल हे पाच बाइट जसेच्या तसे सांभाळतं, पण बाकीची बरीच साधनं टाकून देतात किंवा अडतात. हलन्त गेला की सगळी जोडाक्षरं सुटी. आणि ‘ठ’चा शेवटचा बाइट ए०, म्हणजे न तुटणारी मोकळी जागा, वेबपानावरून कॉपी-पेस्ट करताना ती साधी मोकळी जागा होऊन जाते. ‘मराठवाडा’तला ‘ठ’ गेला तर उरतं काय? म्हणून दुरुस्ती डेटाबेसच्या आतच करा. चाचणीच्या शब्दांत ‘झरी’ ठेवलंय ते याचसाठी.

५. रकान्याची लांबी ठरवताना

२०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. जिल्ह्याचा रकाना ३० लांबीचा आहे असं समजा. ‘औरंगाबाद’ला २४ बाइट, ‘उस्मानाबाद’ला बरोबर ३०. काठोकाठ, पण बसायचं. ‘छत्रपती संभाजीनगर’ची चिन्हं १७ आणि बाइट ४९, कारण मधली मोकळी जागा एकाच बाइटची.

मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये व्हारकॅर ३० म्हणजे ३० चिन्हं, तिथं हे नाव आरामात बसतं. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२ ३० म्हणजे, मुद्दाम ‘कॅर’ लिहिलं नाही तर, ३० बाइट. तिथं नव्या नावाला दार बंद. एसक्यूएल सर्व्हरच्या एनव्हारकॅरमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह दोन बाइट घेतं आणि ३० म्हणजे अशी ३० चिन्हं. पण २०१९ च्या आवृत्तीपासून जो यूटीएफ-८ व्हारकॅर मिळतो, त्यात ३० म्हणजे पुन्हा बाइटच.

मी स्वतः नावाला १५० आणि गावाला १०० ठेवतो आणि बाइटचा हिशेब असेल तिथं तिप्पट करतो. डिस्क स्वस्त आहे, माणसाचं नाव कापणं महाग पडतं.

६. तोडणारी फंक्शनं

लेफ्ट, राइट, सबस्ट्रिंग ही चिन्हांवर चालतात, अक्षरांवर नाही. बाइटवर तुटत नाहीत एवढंच समाधान.

लेफ्ट('ज्ञानोबा', १) म्हणजे ‘ज’. आद्याक्षरं छापायची असतील तर ज्ञानोबांचे ‘ज’, श्रीरंगांचे ‘श’ आणि त्र्यंबकांचे ‘त’ होतात. लेफ्ट('छत्रपती', ३) म्हणजे ‘छत्’, शेवटी लोंबकळणारा हलन्त. लेफ्ट('हिंगोली', १) म्हणजे ‘ह’, वेलांटी गेली.

रिव्हर्स तर गंमतच करतं. ‘बीड’चं ‘डीब’ होतं, ‘लातूर’चं ‘रूताल’. वाचता तरी येतात. ‘परभणी’ उलटं केलं तर सुरुवातीलाच निराधार वेलांटी येते आणि तिच्यामागं ठिपक्यांचं वर्तुळ. मराठीवर रिव्हर्स वापरायची वेळ शक्यतो येत नाही, पण कोणी शेवटचा शब्द काढायला ते वापरलेलं असतं, तेव्हा सबस्ट्रिंग_इंडेक्स वापरा.

एलपॅड आणि आरपॅडनं रकाने सरळ लागत नाहीत. ‘हिंगोली’ची चिन्हं सात, दिसणारी अक्षरं तीन, आरपॅड सात धरूनच मोकळ्या जागा भरतं. पावतीवर रेषा जुळवायच्या असतील तर ते काम छपाईच्या बाजूला करा, डेटाबेसला सांगू नका.

लाइकमधली अधोरेखा म्हणजेही एक चिन्ह. ‘दोन अक्षरी गावं’ म्हणून दोन अधोरेखा टाकल्या तर ‘बीड’ येणार नाही. तीन टाका, मग येईल. अपर आणि लोअरचा देवनागरीवर काही परिणाम नाही, विषय संपला.

रेगएक्स (नमुन्यावरून शोधायची पद्धत) वापरत असाल तर मायएसक्यूएलची आवृत्ती बघून घ्या. ८.०.४ च्या आधीचं रेगएक्स बाइट-बाइटनं चालायचं आणि मराठीत काहीही उत्तर द्यायचं.

तोडायचंच असेल तर माझा साधा नियम: मोकळ्या जागेवर तोडा. शब्दाच्या मध्ये हात घालायचा नाही.

७. दिसायला एक, आत दोन

या पायरीवर माझे सगळ्यात जास्त दिवस गेले, आणि याबद्दल मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

‘कऱ्हाळे’ आडनावाचे सभासद शोधले तर निम्मेच सापडायचे. उरलेले यादीत डोळ्यांना दिसतायत, नाव तेच, पण शोधात येत नाहीत. लेंग्थ लावून बघितलं: काहींचे २१ बाइट, काहींचे २४. हा अर्धा ‘र’ दोन प्रकारे टाइप होतो. एक: नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ‘ऱ’ आणि हलन्त. दुसरा: साधा ‘र’, हलन्त, आणि एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याचा हेक्स ई२ ८० ८डी. ‘कऱ्हाळे’ आणि ‘कर्‍हाळे’, बघा काही फरक दिसतो का. कीबोर्डनुसार हे ठरतं. ‘शेतकऱ्या’ हा शब्द आपल्या डेटात किती ठिकाणी असेल याचा विचार करा.

पहिल्यांदा मी अदृश्य चिन्हं सरसकट पुसून टाकली. तसं करू नका! जोडचिन्ह गेलं की ‘शेतकर्‍या’चं ‘शेतकर्या’ होतं, रफार वर चढतो. पूर्ण जोडी बदलायची:

रिप्लेस(नाव,
कन्व्हर्ट(अनहेक्स('ई०ए४बी०ई०ए५८डीई२८०८डी') यूझिंग यूटीएफ८एमबी४),
कन्व्हर्ट(अनहेक्स('ई०ए४बी१ई०ए५८डी') यूझिंग यूटीएफ८एमबी४))

अनहेक्सचं उत्तर बायनरी असतं, म्हणून त्याभोवती कन्व्हर्ट लावलाय. त्याशिवाय निकालही बायनरी होऊन बसतो. हे झाल्यावर उरलेली अदृश्य चिन्हं एकेक बघून काढा.

दुसरी जोडी ‘ॲ’ची. ‘ॲ’ हे एकच चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहायचे, काही जण ‘ऍ’. ‘ॲड.’ असे तीन प्रकारे लिहिलेले माझ्याकडं होते.

तिसरी जोडी जुन्या फाँटातून रूपांतर झालेल्या मजकुरात सापडते. ओकार हे एक चिन्ह असायला हवं, तिथं काना आणि मात्रा अशी दोन येतात. ‘हिंगोली’ सात चिन्हांची, ‘हिंगाेली’ आठ. काही फाँटांत दोन्ही सारख्याच दिसतात. ‘ॉ’चंही तसंच.

पोस्टग्रेसमध्ये १३ व्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ (एकाच अक्षराचे वेगळे प्रकार सारखे करणारं) फंक्शन आहे, ओरॅकलमध्ये कंपोज. त्यांनी ‘र’ अधिक नुक्ता याचं ‘ऱ’ होतं. पण वरच्या तिन्ही जोड्या युनिकोडच्या नियमानं एकमेकांच्या समान नाहीत, त्यामुळं नॉर्मलाइझ त्यांना हात लावत नाही. रिप्लेसची स्वतःची यादीच ठेवावी लागते. मी ती नोंद होतानाच ट्रिगरमध्ये, म्हणजे डेटाबेस आपोआप चालवतो त्या आज्ञेत, चालवतो.

ट्रिम फक्त साध्या मोकळ्या जागा काढतं. व्हॉट्सॲप किंवा पीडीएफमधून आलेल्या नावामागं न तुटणारी मोकळी जागा असेल, तिचा हेक्स सी२ ए०, तर ती ट्रिमला दिसत नाही. तिला आधी रिप्लेसनं साधी करा, मग ट्रिम.

८. तुलना आणि क्रम

समान काय मानायचं हे कोलेशन ठरवतं. तुमचं कोलेशन अनुस्वार धरतं का ते आत्ताच बघा:

सिलेक्ट 'नादेड' = 'नांदेड', 'कम' = 'काम';

कुठंही १ आलं तर शोधताना ते ठीक असेल, पण युनिक की (तीच किंमत दोनदा येऊ न देणारी अट) लावलेल्या रकान्यात दोन वेगळी नावं एकच ठरतील आणि दुसऱ्या माणसाची नोंद नाकारली जाईल. अशा रकान्यांना यूटीएफ८एमबी४_०९००_एएस_सीएस किंवा यूटीएफ८एमबी४_बिन लावा. दोन वेगळ्या कोलेशनचे रकाने जोडताना ‘इल्लिगल मिक्स ऑफ कोलेशन्स’ ही १२६७ क्रमांकाची चूक येते. क्वेरीत कोलेट लिहून ती तेवढ्यापुरती जाते, पण रकानेच सारखे करणं बरं.

क्रम लावताना आपल्याला ‘ळ’ हा ‘ह’नंतर आणि क्ष, ज्ञ अगदी शेवटी हवे असतात. युनिकोडच्या कोष्टकात ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो आणि ‘ज्ञ’ हे वेगळं चिन्हच नाही, त्यामुळं बायनरी क्रमात ज्ञानोबा ‘ज’मध्ये जाऊन बसतात. पोस्टग्रेसमध्ये ‘एमआर-एक्स-आयसीयू’ हे मराठी कोलेशन मिळतं. मायएसक्यूएलमध्ये मराठीसाठी वेगळं कोलेशन नाही. मतदारयादीसारखा क्रम हवाच असेल तर क्रमाचा वेगळा रकाना ठेवावा लागतो.

९. मराठी अंक

गट क्रमांक ‘१२३’ असा मराठीत टाइप झाला असेल तर मायएसक्यूएल त्याला संख्या म्हणून ० धरतं आणि पोस्टग्रेस सरळ चूक दाखवतं. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि २०१७ पासूनच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्सलेट फंक्शन आहे. एका ओळीत दहाही अंक इंग्रजी होतात. मायएसक्यूएलमध्ये ते नाही. दहा रिप्लेस एकात एक घालावे लागतात. दिसायला घाणेरडं, पण चालतं.

१०. आत-बाहेर करताना

एक्सेलमधून साधं ‘सीएसव्ही’ निवडून जतन केलं की मराठीचे प्रश्नचिन्ह होतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. त्या फाइलच्या सुरुवातीला ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट चिकटून येतात आणि पहिल्या रकान्याचं नाव ‘सापडत नाही’ अशी तक्रार येते. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ‘बीओएम’शिवाय (त्या तीन बाइटांचं हे नाव) जतन केलं की ते जातात.

बॅकअप काढणाऱ्या मायएसक्यूएलडम्पला डीफॉल्ट-कॅरॅक्टर-सेट यूटीएफ८एमबी४ द्या. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये बाणाच्या चिन्हानं फाइल बनवू नका. तो ती यूटीएफ-१६ मध्ये लिहितो आणि परत चढवताना मायएसक्यूएल ती घेत नाही. रिझल्ट-फाइल हा पर्याय वापरा.

बॅकअप चढवून बघितल्याशिवाय तो बॅकअप आहे असं धरू नका. रिकाम्या डेटाबेसवर चढवा, चाचणीच्या शब्दांचे हेक्स मूळ टेबलातल्या हेक्सशी ताडून बघा. ‘झरी’त ९डी दिसला, ‘ज्ञानोबा’त दुसऱ्या जागी ई० ए५ ८डी दिसला आणि ‘मराठवाडा’त ई० ए४ ए० सापडला, की फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि पेनड्राइव्ह दुसऱ्या इमारतीत ठेवा.